दोन सीटांची जुनी गाडी: तुमचे अनुभव येऊ द्या

पाना_दहाबारा
काल सिग्नलला शेजारी लाल मियाटा, म्हणजे माझदाची उघड्या टपाची दोन सीटांची गाडी, येऊन थांबली. पहिल्या पिढीतली, पॉप-अप दिवे वर काढलेले. बाहेर चाळीस फॅरनहाइट आणि पोरगं टप उघडा टाकून बसलेलं, कानटोपी घालून. सिग्नल सुटला, तो गेला, मी मागच्याचा हॉर्न खाल्ला.

माझीही होती. पांढरी, १९९१ची, १६०० सीसी. क्लीव्हलंडला पहिली नोकरी लागली तेव्हा घेतलेली. सगळे देशी मित्र कॅमरी-अ‍ॅकॉर्ड बघत होते आणि मी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन लोकांच्या ड्राइव्हवेत गुडघ्यांवर. दाराखालच्या पट्टीवर चुंबक चिकटलं तर पत्रा, घसरलं तर गंजावर लांबी (पुट्टी) भरलीय. विकणारे आजोबा म्हणाले, एवढं तर मी लग्नाआधी बायकोची चौकशी नव्हती केली.

घरी आणली आणि ब्रेक दाबला की कुठूनतरी पाण्याचा खळखळ आवाज. टपाचं पाणी सीटबेल्टच्या खांबामागून एका नळीने मागच्या चाकापुढे खाली उतरतं. आजोबांच्या मेपलची पानं बसली होती त्यात. गवत कापायच्या मशिनची नायलॉन दोरी घालून हळूहळू मोकळी केली. खालून जे काही आलं त्यात कुंडी भरली असती.

मग क्लच. पेडल खालीच राहायचं. क्लच ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर बाहेरच्या बाजूला, दोन बोल्टवर. सोपं. पण ब्लीड करायला, म्हणजे नळीतली हवा काढायला, दुसरा माणूस लागतो. रूममेटला बसवला. मी खालून "दाब", "धर", "सोड" ओरडतोय आणि हा वर फोनवर होणाऱ्या सासऱ्यांशी बोलतोय. सासऱ्यांनी शेवटी विचारलं म्हणे, तिथे मारामारी चालू आहे का.

आई आली तेव्हा एअरपोर्टला तीच घेऊन गेलो. डिकीत स्टेपनी, बॅटरीही डिकीतच, त्यात आईच्या दोन बॅगा. एक बॅग मित्राच्या गाडीतून आली. आई बसल्यावर पहिलं वाक्य, "एवढी खाली? दुसरी हप्त्यावर मिळत नव्हती का रे?"

मियाटाच हवी असं नाही. जुनी, खिशाला झेपणारी, हौसेची आणि स्वतः खोललेली. लिहा.

रिकामटेकडा
पहिला! कुकर लावलाय, नंतर वाचतो.

शेवंती_रेडिंग
आमच्याकडे नवऱ्याची आहे, पण निस्तरते मी, म्हणून मीच लिहिते. युनोस रोडस्टर, म्हणजे तीच गाडी जपानातून आलेली. इकडे इंग्लंडात दरवर्षी एमओटी, म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी. पत्रा कुठेही गंजला तर तेवढं नाही, पण सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे बसतं त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत गंज सापडला की नापास. आणि या गाडीला गंज नेमका तिथेच लागतो, मागच्या चाकाच्या पुढे. वरून रंग चकाचक, स्क्रूड्रायव्हर टोचला तर आत गेला. पत्रा कापून नवीन वेल्ड केला. वेल्डिंगवाला म्हातारा भला, चहाच्या तिसऱ्या मगाशिवाय अंदाज सांगत नाही.
मागची काच प्लास्टिकची आहे, थंडीत टप तसाच खाली केला की तडकते. आधी चेन उघडून काच सपाट पाडायची, मग टप. हे घरात माझ्याशिवाय कोणी करत नाही.

गोंयकार
सॅन स्टॉर्म कोणाला आठवते का? आमच्या गोव्यात बनायची. दोन सीटा, कापडी टप, फायबरची बॉडी, आणि इंजिन रेनॉचं बाराशे सीसीच्या आतलं. १९९८च्या सुमारास आली. माझ्या मामेभावाने सेकंडहँड घेतली. इंजिनाचं कधी अडलं नाही, पण काच, लॉक, रबर असं काही गेलं की शोधाशोध. फायबरला तडा गेला तर डेंटरकडे जाऊन उपयोग नाही. तो हातोडा घेऊन बघतच राहतो. शेवटी होड्या दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्याने फायबरचं मॅट आणि रेझिन लावून असं केलं की जोड दिसत नाही. आमच्याकडे होडीवाले पावलोपावली, हे बरं.

रिकामटेकडा
वाचलं. होडीवाला हे भारी. आमच्या कोथरूडला कोण मिळणार?

गोंयकार
पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणारा बघा. मटेरियल तेच.

सायलेन्सर
भारतात एंट्री लेव्हल स्पोर्ट्स कार म्हणजे आमच्यासाठी फियाटची पॅलिओ १.६. चार दारं असली म्हणून काय झालं. १०० बीएचपी, २००१ साली, हॅचबॅकमध्ये! स्टिअरिंग जड, दार लावलं की आवाज तिजोरीचा. अ‍ॅव्हरेज विचारणाऱ्याला मी चहा पाजून विषय बदलतो.
पंधरा वर्षं झाली तेव्हा आरसी रिन्यूअल. ग्रीन टॅक्स भरला, फिटनेससाठी उभी केली. साहेबांनी बोनेट उघडायला लावलं, नंबर ताडला आणि म्हणाले, माझ्या भावाकडे होती. मग अर्धा तास भावाच्या आठवणी. काम झालं.
मोठे एक्झॉस्ट वगैरे लावू नका हो पोरांनो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून झालंय, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाहीत. मी फक्त बुश, शॉक, इंजिन माउंट नवे टाकले. त्यानेच गाडी वयाने निम्मी झाली.

मीनल_मिशिगन
पार्किंग लॉटमध्ये कोन मांडून ऑटोक्रॉस असतो, एकेका गाडीची घड्याळाशी शर्यत, तिथे जा. बाकी काही घेऊ नका, नवे टायर घ्या आणि जा. माझ्या ९४च्या १८०० सीसी मियाटाला शेजारी मस्टँगवाला हसला होता. कोनांमध्ये ताकद कामाची नाही, वजन कामाचं. ही गाडी हजार किलोच्या आसपास. दुपारी तोच माझ्या शेजारच्या सीटवर हेल्मेट घालून बसला आणि दाराचं हँडल धरून ठेवलं त्याने.
मुलगी म्हणते आई तू गाडी चालवताना तोंडाने आवाज काढतेस.

रिकामटेकडा
कुठला आवाज?

मीनल_मिशिगन
ते नाही सांगणार.

निवांत_नाना
आमच्या वेळी लँब्रेटा स्कूटर होती. ती पण आम्ही घरीच खोलायचो. एकदा सगळं जोडून झाल्यावर चार स्क्रू उरले. गाडी तरी पळाली. वडील म्हणाले, कंपनीने उगाच जास्त दिले असतील. चालू द्या तुमचं.

सायलेन्सर
नाना 😂 ते चार स्क्रू प्रत्येकाकडे डबीत असतात.

धुरकट
बावळट प्रश्न. मी ह्यूस्टनला, पुढच्या वर्षी पुण्याला कायमचा परत. माझी एनबी (दुसऱ्या पिढीतली मियाटा, २००१) कंटेनरमध्ये टाकता येईल का?

पाना_दहाबारा
नाही रे. वापरलेली गाडी न्यायची तर तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. तुझी दोन्हीकडून बाद. तिथेच चांगल्या घरी दे.

धुरकट
"चांगल्या घरी दे" वाचून पोटात कालवलं. बायको म्हणते स्थळं बघायला लाग.

शेवंती_रेडिंग
हाताचं ग्रीस कशाने काढता तुम्ही लोक? माझ्या पोळ्यांना डाग पडतात.

मीनल_मिशिगन
साखर आणि गोडंतेल, चोळायचं, मग भांड्याचा साबण. नखांसाठी आधीच साबणाच्या वडीवर नखं ओरबाडून ठेव, आत काही जात नाही.

निवांत_नाना
रॉकेल.

शेवंती_रेडिंग
नाना, इथे रॉकेल कुठून आणू. आणि पोळ्या करायच्यात मला.

निवांत_नाना
मग त्याला करू द्या पोळ्या. गाडी त्याची ना.

शेवंती_रेडिंग
स्क्रीनशॉट काढून पाठवला आहे.

कोरी_पाटी
हा सगळा धागा वाचून शनिवारी एक बघायला चाललोय. १९९०ची, १६००, न्यू जर्सी. फोटोत छान दिसते. पाना_दहाबारा, चुंबक सोडून अजून काय बघू?

पाना_दहाबारा
टायमिंग बेल्ट कधी बदलला विचार, साठ हजार मैलांना बदलतात. तुटला तरी या इंजिनात व्हॉल्व्ह वाकत नाहीत, म्हणजे वाटेत उभी राहील पण इंजिन जाणार नाही. सुरुवातीला टिकटिक आली तर घाबरू नको, हायड्रॉलिक टॅपेट आहेत, ऑइल चढलं की थांबते.
महत्त्वाचं: पुढून वाकून क्रँक पुलीच्या खाचा मोज. चार असल्या तर सुरुवातीचा आखूड नाकाचा क्रँक. तो बोल्ट कोणी कधी नीट घट्ट केला नसेल तर पुली धरणाऱ्या लोखंडी चावीची (की) क्रँकमधली खाच खाल्ली जाते, पुली डगडगते. इंजिन चालू ठेवून पुलीकडे बघ, लटपटत असेल तर किंमत न विचारता परत ये. आठ खाचा असतील तर हे विसर.
आणि एका बाजूचा दिवा वर आला नाही तर त्यावर भाव पाड. मोटरवर रबरी टोपीखाली गोल नॉब असतो, हाताने फिरवून वर येतो. विकणाऱ्याला सांगू नको.

मीनल_मिशिगन
टायरची तारीख बघ. साइज १८५/६०, १४ इंची. रबर भरपूर दिसतं पण दहा वर्षांचं असतं.

कोरी_पाटी
शनिवारी पाऊस सांगितलाय, रविवारी जाऊ का?

शेवंती_रेडिंग
शनिवारीच जा. आणि चटई उचलून खाली हात लाव, ओल आहे का कळेल.