सरकारी रुग्णालयांतली रिक्त पदं ही न सांगता केलेली कपातच आहे (चर्चा, टोपणनावांनी)

गोदाकाठ
ऑक्टोबर २०२३च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ जण दगावले, त्यात १२ नवजात बाळं. त्याआधी ऑगस्टमध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात २४ तासांत १८. नांदेडची उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, औषधखरेदीवर भरपूर बोललं गेलं. मनुष्यबळाचा विषय मात्र चार दिवसांत मागे पडला, आणि मला राग त्याचाच येतो.

'इतक्या परिचारिका कमी करतोय' असं आपल्याकडे कुणी जाहीर करत नाही. माणूस निवृत्त होतो, जागा भरली जात नाही, शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरकडे अतिरिक्त कार्यभार जातो. आकृतिबंध, म्हणजे कुठे किती पदं हा आराखडा, मंजूर खाटांवर बेतलेला आणि रुग्ण त्याहून कितीतरी जास्त. पगार वाचतो आणि या कपातीवर कुणाची सही नसते. राज्यांनी अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक पैसा आरोग्याला द्यावा, असं २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नाही.

हिशेबनीस
असहमत. ४ मे २०२०चा वित्त विभागाचा शासन निर्णय आठवा. कोविडमुळे नवी भरती थांबवली, पण सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण हे दोन विभाग वगळले होते. मग भरती का झाली नाही? २०२१च्या ऑक्टोबरात आरोग्य विभागाच्या गट क आणि गट ड भरतीचे पेपर फुटले, विभागातलेच अधिकारी पकडले गेले, परीक्षा रद्द झाल्या. १०,९४९ जागांची नवी जाहिरात यायला २०२३ उजाडलं. ही वर्षं तिजोरीनं नाही खाल्ली.

शिवाय पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच राज्याचा निम्म्याहून अधिक महसूल जातो. एक कायम पद म्हणजे तीस वर्षांचं देणं. आणि एवढं करून भूलतज्ज्ञ तालुक्याला जायला तयार नसतो. एमबीबीएसनंतरच्या सरकारी सेवेचा बाँडसुद्धा १० लाख भरून मोडता यायचा. त्यापेक्षा महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ५ लाखांपर्यंतचे उपचार खासगीत मोफत मिळतात, ते वाढवा.

रात्रपाळी
मी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे, गाव सांगत नाही. पेपरफुटीचं तुमचं खरं आहे. माझ्या ओळखीच्या मुलींची वयोमर्यादा त्यात निघून गेली.

पण फुले योजनेचं पटत नाही. साप चावलेला माणूस रात्री दोनला कार्ड घेऊन खासगी दवाखाने शोधत फिरत नाही, तो आमच्याकडेच येतो. खासगीत पैसे संपल्यावर शेवटच्या घटकेला पाठवलेली बाळंही आमच्याकडेच येतात. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतरत्र पाचांमागे एक, हा नर्सिंग कौन्सिलचा निकष. आमच्याकडे रात्री अख्ख्या वॉर्डाला एकच, खाटा भरून खाली गाद्या टाकलेल्या. एकाला धाप लागली की बाकीच्यांकडे पाठ फिरवावीच लागते. त्यात कुणाची सलाईन संपते, कुणाचं इंजेक्शन तासभर उशिरा जातं. कक्षसेवक नसला की स्ट्रेचर नातेवाईकच ढकलतात. सकाळी तक्रार आली की खुलासा मात्र आम्हीच लिहायचा.

हिशेबनीस
सिस्टर, तुमच्या कामाबद्दल शंका नाही. म्हणूनच म्हणतो, कायम भरतीची वाट पाहत बसण्यापेक्षा कंत्राटावर लगेच माणसं घ्या. एनएचएम, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियान, तसंच चाललंय ना?

अकरामहिने
चाललंय, पण कुणाच्या जिवावर? अभियान २००५ला सुरू झालं आणि आमच्या ऑर्डरी अजून ११ महिन्यांच्याच. दहा वर्षं झालेल्यांना कायम सेवेत सामावून घेण्याचा निर्णय मार्च २०२४मध्ये निघाला, तो अमलात यावा म्हणून ऑगस्ट २०२५मध्ये संपावर जावं लागलं. अभियानाचे पैसे केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४० टक्के. यातला एक हप्ता अडकला की आमचा पगार अडकतो. नवजात कक्षात काम शिकून तयार झालेली मुलगी या अनिश्चिततेला कंटाळून खासगीत जाते आणि नवी आली की तिला पहिल्यापासून शिकवायचं.

गोदाकाठ
हिशेबनीस, पेपर फुटला हे मान्य. पण जागा रिकामी राहिली तर वित्त विभागाचं काहीच अडत नाही, उलट खर्च वाचतो. म्हणून तर फेरपरीक्षेची घाई कुणाला नव्हती.

ऑक्टोबर २०२४मध्ये राज्यात १० नवी वैद्यकीय महाविद्यालयं एकदम सुरू झाली. गडचिरोली, हिंगोली, वाशीम यांना ती हवीच होती. पण नव्या ठिकाणच्या मान्यतेच्या तपासणीत पदं भरलेली दिसावीत म्हणून जुन्या महाविद्यालयातून अध्यापक प्रतिनियुक्तीवर न्यायचे, हा प्रकार बंद झाला पाहिजे. माझी मागणी साधी आहे. नव्या खाटा मंजूर करताना त्याच शासन निर्णयात पदं आणि त्यांच्या पगाराची तरतूद लिहा. आणि मंजूर किती, भरलेली किती, हे दर महिन्याला रुग्णालयाच्या दारावर लावा.

हिशेबनीस
दारावर यादी लावायला माझी हरकत नाही. पण त्यात हजेरीही हवी. भरलेल्या पदावरचा डॉक्टर दुपारी स्वतःच्या दवाखान्यात असेल, तर तेही लोकांना दिसू दे.

रात्रपाळी
लावा हजेरी, माझीही लावा. फक्त त्याच कागदावर त्या रात्री वॉर्डात रुग्ण किती होते, तो आकडाही लिहा.