बाळंतपणाच्या तारखा तीन, कार्डावर कोणती ठेवायची? मदत हवी आहे

पहिलटकरीण आहे. पाळी गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे 31 मार्च 2025 ला आली. पाळी सुरू झाली तो दिवसच ही तारीख आहे, न्हाणाचा नाही, हे दोनदा विचारून घेतलंय. चक्र 35 दिवसांचं, पण नियमित. गर्भनिरोधक गोळ्या चालू नव्हत्या.

नऊ महिने सात दिवस धरले की 7 जानेवारी येते, सरळ 280 दिवस मोजले तर 5 जानेवारी. (महिने सारखे नसतात, त्यामुळे दोन दिवस इकडेतिकडे.) लांब चक्राचे (28 च्या वरचे) 7 दिवस वाढवल्यावर 12 जानेवारी.

पहिली सोनोग्राफी 20 जूनला: सीआरएल (बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी) 34 मिमी, 10 आठवडे 2 दिवस, म्हणजे 14 जानेवारी. दुसरी 20 ऑगस्टला: 18 आठवडे 1 दिवस, रिपोर्टवर छापलेली तारीख 20 जानेवारी. ही तिसरी तारीख मी बाजूला ठेवलीय. पहिल्या तिमाहीतला सीआरएल हाताशी असताना नंतरच्या मापांवरून तारीख हलवत नाहीत. एकच बाळ, वाढ आणि पाणी ठीक.

अडलंय ते इथे: 9 ते 13 आठवड्यांत पाळीच्या आणि सोनोग्राफीच्या तारखेत 7 दिवसांहून जास्त फरक असेल तर सोनोग्राफीची तारीख घ्यायची. हा फरक 5 जानेवारीपासून मोजला तर 9 दिवस, 12 पासून मोजला तर फक्त 2. एकेचाळीस आठवडे कधी भरतात ते यावरच ठरणार. तुम्ही फरक चक्राची दुरुस्ती करण्याआधी मोजता की नंतर? आणि कार्डावर 12 लिहाल की 14?