जीपीएक्स की केएमएल? आखलेल्याच रस्त्याने नेणारं ॲप कोणतं? (तातडीने मदत हवी आहे)

कच्चीवाट
तीन गाड्या आहेत, लवकरच निघायचंय. बराचसा रस्ता वस्तीपासून लांब, मधल्या टप्प्यात नेट मिळणारच नाही. मार्ग आखून तयार आहे. तो तिन्ही गाड्यांत जसाच्या तसा हवा, आणि तिथेच घोडं अडलंय. फाइल पाठवली तर एकाला नुसता कोरा नकाशा दिसतो. दुसऱ्याने मागितली म्हणून तोच मार्ग जीपीएक्स फाइलमध्ये दिला, तर रेघ उमटते, पण 'सुरू करा' दाबलं की ॲप थेट हमरस्त्याला लावतं. तोच हमरस्ता आम्ही मुद्दाम टाळलाय. एक ॲप सांगा आणि एक फाइल फॉरमॅट सांगा: जीपीएक्स की केएमएल (दोन्ही नकाशावरचा मार्ग साठवणारे फाइलचे प्रकार). लांबलचक चर्चा नको, वेळ नाही.

नकाशाखोर
वेळ नाही हे समजलं, पण माहितीही नाही! फोन अँड्रॉइड की आयफोन? मार्ग कशात आखला? कोरा दिसतो ती फाइल कोणती आणि तिचा आकार किती? हमरस्त्याला लावणारं ॲप कोणतं? ऑफलाइन नकाशे आधी उतरवलेत का?

धूळपावलं
ओस्मअँड हे नकाशाचं ॲप घ्या, विषय संपला. ओपनस्ट्रीटमॅपचे (लोकांनी मिळून बनवलेले, खुले) नकाशे आहेत, कच्च्या वाटा भरपूर सापडतात, सगळं ऑफलाइन चालतं, जीपीएक्स फाइल थेट उघडते. अँड्रॉइडवर मोफत आवृत्तीत ७ नकाशे उतरवता येतात. आधी मोफत वापरून बघा, मग ठरवा.

स्टिअरिंगवाला
फोनवर विसंबून अशा रस्त्याला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. काचेमागे उन्हात फोन तापतो, चार्जिंग थांबतं, स्क्रीन मंदावते. आयफोनसाठी तर वापराचं तापमान अधिकृतपणे ०° ते ३५° सेल्सिअस दिलेलं आहे. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर हा आकडा कधीच ओलांडला जातो. गार्मिन कंपनीचं रस्ता दाखवणारं वेगळं जीपीएस उपकरण घ्या. नेटची गरज नाही, स्क्रीन उन्हात वाचता येते.

धूळपावलं
फोन एसीच्या झोताजवळ लावला की तापायचा प्रश्न बराच सुटतो. आणि तीन गाड्यांना तीन उपकरणं घ्या म्हणणं हे उत्तर नव्हे. विचारलंय काय, सांगताय काय?

स्टिअरिंगवाला
एका गाडीत घ्या म्हटलं, तिन्हीत नाही. पुढच्या गाडीला वाट नक्की माहीत असली की मागच्यांचं निभावतं.

कच्चीवाट
उपकरण घ्यायचं नाहीये. माझा आणि एकाचा फोन अँड्रॉइड, तिसऱ्याचा आयफोन. शिवाय आमच्या गाडीत मोठ्या स्क्रीनसाठी टॅबलेट लावणार आहोत. मार्ग गूगलच्या माय मॅप्समध्ये आखलाय. एक्स्पोर्ट मित्राने केला, केएमएल. लॅपटॉपवर गूगल अर्थमध्ये सगळं दिसतं, आयफोनवर ऑरगॅनिक मॅप्स या नकाशा ॲपमध्ये काहीच नाही. म्हणजे केएमएल आयफोनला चालत नाही, बरोबर?

नकाशाखोर
नाही. ऑरगॅनिक मॅप्स केएमएल, केएमझेड, जीपीएक्स तिन्ही उघडतं, आयफोनवरसुद्धा. आकार किती आहे ते सांगितलं नाहीत.

चाकोरीबाहेर
जाताजाता सांगतो, गाड्यांमध्ये वॉकीटॉकी ठेवा. आणि कच्च्या रस्त्यावर टायरमधली हवा थोडी कमी करायची आणि डांबरावर आलं की पुन्हा भरायची, त्यासाठी छोटा कंप्रेसर लागतो. नकाशा चुकला तरी परत फिरता येतं, टायर फाटला तर दिवस जातो.

कच्चीवाट
कंप्रेसर आहे. फाइल १ केबीची आहे.

नकाशाखोर
सापडलं. एवढ्या मोठ्या मार्गाची फाइल १ केबीची असूच शकत नाही. माय मॅप्समधून एक्स्पोर्ट करताना एक पर्याय येतो, माहिती नेटवरून ताजी ठेवणारी 'नेटवर्क लिंक' फाइल देण्याचा. तो निवडला की फाइलमध्ये मार्ग नसतोच, मार्ग कुठे ठेवलाय त्याचा फक्त पत्ता असतो. गूगल अर्थ त्या पत्त्यावर जाऊन माहिती आणतं, म्हणून लॅपटॉपवर दिसतं. बाकी ॲपना त्या फाइलमध्ये काही सापडत नाही. नेट नसताना तर ती निव्वळ निरुपयोगी. तो पर्याय काढून पुन्हा एक्स्पोर्ट करायला सांगा. केएमझेड आली तरी हरकत नाही, तीच केएमएल झिप केलेली असते.

कच्चीवाट
केलं. आता आयफोनवर पूर्ण रेघ आली. खूप आभार. पण दुसऱ्या गाडीचं काय? त्याला ओस्मअँडच आहे, धूळपावलं. तेच हमरस्त्याला लावतंय.

धूळपावलं
तुम्ही नक्की काय दाबताय? फाइल उघडून शेवटच्या ठिकाणाला 'इथे चला' दिलं, तर ॲप स्वतःच्या हिशोबाने रस्ता काढणार, रेघेकडे बघणारही नाही. ट्रॅक उघडा, त्या ट्रॅकच्या पडद्यावरचं नेव्हिगेशन दाबा. आणि सेटिंगमध्ये 'कच्चे रस्ते टाळा' चालू आहे का ते आधी बघा.

नकाशाखोर
सेटिंगआधी फाइल बघायला हवी. जीपीएक्समध्ये तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. वेपॉइंट म्हणजे सुटे बिंदू: पाणी, इंधन, मुक्काम. रूट म्हणजे वळणांचे मोजके बिंदू, मधला रस्ता प्रत्येक ॲप किंवा उपकरण आपापल्या नकाशावरून नव्याने काढतं. ट्रॅक म्हणजे जवळजवळचे शेकडो-हजारो बिंदू, मार्गाचा जसाच्या तसा ठसा. रूट पाठवला की तीन ॲप तीन रस्ते काढू शकतात, कारण प्रत्येकाचा नकाशा वेगळा, आवडनिवड वेगळी. तुम्हाला ट्रॅकच हवा. फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडा. कंसांमध्ये इंग्रजीत 'टीआरके' (trk) अक्षरं दिसली तर ट्रॅक, 'आरटीई' (rte) दिसली तर रूट.

पायवाट_प्रेमी
एवढा खटाटोप कशाला? गूगल मॅप्सची लिंक पाठवा, सगळ्यांकडे असतंच.

नकाशाखोर
इथे चालणार नाही. एक तर गूगल मॅप्सचं मोबाइल ॲप जीपीएक्स किंवा केएमएल फाइल थेट उघडत नाही. दुसरं, थांबे मोजकेच देता येतात. आणि दोन थांब्यांमधला रस्ता गूगलच ठरवतं, म्हणजे हमरस्त्याचा प्रश्न जिथल्या तिथे. गावात शिरल्यावर दुकान शोधायला मात्र त्याला तोड नाही, तेवढ्यासाठी त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा.

पायवाट_प्रेमी
पण नेट नसेल तर जीपीएस तरी कुठे चालणार?

धूळपावलं
चालतं! जीपीएस उपग्रहांकडून येतं, मोबाइल टॉवरकडून नाही. नेट असलं की उपग्रहांची माहिती पटकन मिळते आणि पहिली जागा लवकर सापडते, इतकंच. नेटशिवाय फोन बऱ्याच वेळाने चालू केला, तर मोकळ्या आकाशाखाली काही मिनिटं थांबा, लगेच निघू नका.

कच्चीवाट
नोटपॅडमध्ये बघितलं. दुसऱ्या गाडीच्या फाइलमध्ये 'आरटीई' आहे. ती कुठल्यातरी वेबसाइटवर बदलून घेतली होती. आता काय? आणि केएमएलच सगळ्यांना का नको, ती तर आता चालतेय.

स्टिअरिंगवाला
केएमएल नको. ती मुळात नकाशावर माहिती दाखवण्यासाठी निघाली. कीहोल नावाच्या कंपनीची, गूगलने २००४ साली ती कंपनी घेतली. रंग, चिन्हं, फोटो हे तिचं काम. वाहनातली गार्मिन उपकरणं जीपीएक्स वाचतात, केएमएल नाही. जीपीएक्सच ठेवा.

धूळपावलं
दोन्हींत बिंदूच असतात, आणि ओस्मअँड केएमएलही उघडतं. उगाच घाबरवू नका.

स्टिअरिंगवाला
घाबरवत नाही. वाटेत भेटलेल्या कुणाला मार्ग द्यायचा झाला तर त्याच्याकडे काय असेल ते आपल्या हातात नसतं. जीपीएक्स जवळपास सगळ्यांना वाचता येते, म्हणून म्हणतो. जीपीएक्स १.१ ही आवृत्ती २००४ पासून तशीच आहे, हा तिचा मोठा गुण.

नकाशाखोर
या मुद्द्यावर स्टिअरिंगवाला यांच्याशी सहमत. कच्चीवाट, आता जी पूर्ण केएमएल मिळाली आहे, ती कॉम्प्युटरवर जीपीएसबेबल या मोफत सॉफ्टवेअरमधून जीपीएक्स करा. केएमएलमधली रेघ ट्रॅक म्हणून उतरते. मग नोटपॅडमध्ये 'टीआरके' आलं का, ते पुन्हा तपासा. केएमएलमध्ये आधी रेखांश मग अक्षांश लिहितात आणि जीपीएक्समध्ये दोन्हींना नावं असतात. हाताने खाडाखोड करायला गेलात तर अदलाबदल होईल, म्हणून सॉफ्टवेअरच वापरा.

कच्चीवाट
बरं. इंधनाच्या जागा कागदावर आहेत, ३०.४५ अशा आकड्यांत. त्या हाताने टाकू ना?

नकाशाखोर
थांबा! ३०.४५ म्हणजे दशांश अंश, की ३० अंश ४५ मिनिटं कुणी टिंब देऊन लिहिलीत? ४५ मिनिटं म्हणजे ०.७५ अंश. दोन्हींत ०.३ अंशांचा फरक, अक्षांशात तो साधारण ३३ किलोमीटर होतो. इंधनासाठी एवढं चुकणं परवडणार नाही. शिवाय दशांशानंतर दोनच आकडे असले तर जागा सुमारे १ किलोमीटरपर्यंतच नेमकी कळते. ५ आकडे असले की मीटरपर्यंत येता. ज्याने यादी दिली त्याला विचारा, आणि प्रत्येक बिंदू उपग्रह चित्रावर रस्त्याला लागून आहे का ते बघा.

चाकोरीबाहेर
इंधनाच्या जागेचा बिंदू बरोबर असला तरी पंप चालू असेलच असं नाही. एक जादा कॅन ठेवा. आयओव्हरलँडर या ॲपवर लोक अशा जागांच्या ताज्या नोंदी टाकतात, निघण्याआधी बघून घ्या.

कच्चीवाट
हे कामाचं आहे. आता टॅबलेटचं. फोनवर निळा ठिपका नीट आहे, टॅबलेटवर गावाबाहेर गेलं की तो थबकतो. आयपॅड आहे.

धूळपावलं
सिम घालायची सोय आहे की फक्त वायफायचा?

कच्चीवाट
फक्त वायफाय.

धूळपावलं
मग त्यात जीपीएसच नाही. वायफायवाल्या आयपॅडमध्ये ती चिप नसते, तो आसपासच्या वायफायवरून अंदाज बांधतो. वस्ती संपली की अंदाजही संपतो. ब्लूटूथवर चालणारा, आयपॅडला जुळणारा वेगळा जीपीएस रिसीव्हर जोडा, नाहीतर तो फक्त नकाशा बघायला ठेवा. तुम्ही 'टॅबलेट' म्हणालात, मी अँड्रॉइडच धरून चाललो होतो.

कच्चीवाट
रिसीव्हर नको, फोनवरच चालवू. दोन्ही अँड्रॉइडवर ओस्मअँड आणि ट्रॅकवाली जीपीएक्स. आयफोनवर ऑरगॅनिक मॅप्स तसंच ठेवू का?

नकाशाखोर
ठेवा, हलकं आणि वेगवान आहे. पण ते ट्रॅक नुसता दाखवतं, ट्रॅकप्रमाणे वळणं बोलून सांगत नाही. चालकाशेजारी बसणाऱ्याने ठिपका रेघेवर आहे ना, याकडे लक्ष ठेवायचं. आवाजी सूचना हव्या असतील तर आयफोनवरही ओस्मअँड टाका.

धूळपावलं
आणि तिन्ही फोन विमान मोडमध्ये टाकून गावातच थोडं फिरून बघा. ट्रॅकवरून मुद्दाम बाहेर पडा आणि ॲप परत ट्रॅककडे आणतं की भलतीकडे नेतं ते तपासा. 'ट्रॅकच्या सुरुवातीपासून' आणि 'जवळच्या बिंदूपासून' असे दोन पर्याय असतात. मध्येच सुरू करायचं असेल तर दुसरा.

कच्चीवाट
आज संध्याकाळी करतो. सगळ्यांचे आभार, विशेषतः नकाशाखोर.

रानभूल
याच धाग्यात विचारतो. मला मित्राने घड्याळातून काढलेली 'फिट' फाइल दिलीय. ओस्मअँड ती घेत नाही. तीही ट्रॅकच आहे ना?

नकाशाखोर
फिट हा गार्मिनचा फॉरमॅट, बायनरी असतो, नोटपॅडमध्ये वाचता येणार नाही. चालत किंवा धावत नोंदवलेला असेल तर आत ट्रॅकच असतो. जीपीएसबेबलमध्ये 'गार्मिन फिट' निवडून जीपीएक्स करून घ्या. घड्याळ पायी चालताना वापरलं होतं की गाडीत? पायवाट असेल तर गाडी जाईल का, ते आधी बघा.