तिसरा मजला, लिफ्ट नाही; कोणतं कुत्रं आणू?

घणसोलीत वन बीएचके. मुलगी 8 वर्षांची, सासूबाईंना सांडलेले केस खपत नाहीत. लहान आणि काटक हवं. पग बघून ठेवलाय.

ऐरोलीकर: पग नको हो! चपट्या नाकामुळे उकाड्यात धापा टाकतो, केस तर सोफाभर. आमच्या पगला मे महिन्यात लाइट गेली की बाथरूमच्या ओल्या फरशीवर घेऊन बसायचे मी.

कळवेकर: डॅशहुंड काटक असतो, पण लांब पाठीला जिने सोसत नाहीत. रोज उचलून न्यावं लागेल.

ऐरोलीकर: मग गावठी पिल्लू घ्या की. 15-20 किलोपर्यंत जातं, केसही गाळतं, पण आपल्या हवेला मुरलेलं. पावसाळ्याआधी लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराची, लस चुकवू नका.

प्रश्नकर्ती: सासूबाई म्हणतात, गावठीच आण, नाव मी ठेवणार. केसांचा विषयच नाही!