काट्याच्या एक्सईमध्ये व्हर्जन कसं भरायचं? बिलिंगचा प्रोग्राम ते वाचल्याशिवाय उघडायला तयार नाही

गूळकाटा

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत दुकानांसाठी मी वजनाचा एक छोटा प्रोग्राम लिहिलाय. इलेक्ट्रॉनिक काट्याचं वजन कॉम पोर्टवरून (काट्याची वायर कॉम्प्युटरला जिथं जोडतात तिथून) येतं, लॉट नंबर टाकला की पावती निघते. पायथनमध्ये आहे, पायइन्स्टॉलर नावाच्या साधनाने त्याची एक्सई, म्हणजे थेट चालणारी फाइल, करतो. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, दुसऱ्या कंपनीच्या बिलिंगच्या प्रोग्राममधून होते. त्यात 'वजन घ्या' दाबलं की तो माझी एक्सई उघडतो आणि वजन परत घेतो. सहा दुकानांत असं चाललंय.

आता झालं काय ते सांगतो. एका दुकानात दिवाणजींनी जपून ठेवायची म्हणून माझी एक्सई डी ड्राइव्हवर कॉपी केली होती. बिलिंगच्या सेटिंगमध्ये कधीतरी तोच पत्ता बसला. मी नवीन एक्सई सी ड्राइव्हवर टाकून आलो, पण बटण दाबलं की उघडत होती जुनीच. त्या जुन्या आवृत्तीत किलोच्या पुढचे ग्रॅम सोडून दिले जायचे, ती चूक मी सुधारून महिना झाला होता. पन्हाळ्याकडचे एक काका ४२ रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, घेऊन आले. ३० किलोचा रवा म्हणतात, पण काट्यावर कुठला २९.६ भरतो, कुठला ३०.४. प्रत्येक रव्यामागे अर्धा किलो धरला तरी सगळे मिळून २१ किलो गूळ कागदावरून गायब. काकांनी गुऱ्हाळावरच वजन लिहून आणलं होतं म्हणून कळलं. संध्याकाळी पट्टी दुरुस्त केली, फरकाचे पैसे त्यांच्या हातात दिले, पण त्या रात्री मला झोप नाही. ज्यांनी लिहून आणलं नसेल त्यांचं काय? आता महिन्याभराच्या पावत्या काढून बसलोय.

बिलिंगवाल्यांना सांगितलं की उघडायच्या आधी माझी आवृत्ती तपासा. ते म्हणाले, "तुमच्या फाइलमध्ये व्हर्जनच नाही, आम्ही काय वाचणार? आधी ते भरा, आमचा पुढचा अपडेट त्याशिवाय उघडणारच नाही." बरोबर आहे त्यांचं. तोवर मी एक सोय केली होती: एक्सई उघडताना सोबत 'व्हर्जन' असा शब्द (आर्ग्युमेंट) दिला की ती आकडा एका फाइलमध्ये लिहून बंद होते. पण माझा कोड सुरू होताच आधी कॉम पोर्ट धरतो. सौदा सुरू असताना बिलिंगने आवृत्ती विचारली आणि चालू वजनाच्या खिडकीवर 'पोर्ट वापरात आहे' असा एरर आला. हमाल रवा काट्यावर ठेवून उभे.

व्हर्जन फाइल बनवून बघितली. तरी त्यांना प्रोग्रामचं नाव रिकामंच दिसतं. नाव मी मराठीत दिलंय, त्याचा काही संबंध असेल का?

यंत्रमाग_इचलकरंजी

दादा, एक्सई चालवून आवृत्ती विचारणं हाच घोळ आहे. विंडोजमध्ये ही माहिती फाइलच्या आतच रिसोर्स म्हणून ठेवतात. दुसरा प्रोग्राम गेटफाइलव्हर्जनइन्फो हे विंडोजचं फंक्शन वापरून ती वाचतो. तुमची एक्सई सुरू होत नाही, त्यामुळे पोर्टाला हात लागत नाही. रिसोर्स नसेल तर त्याचा आकार सांगणारं गेटफाइलव्हर्जनइन्फोसाइझ शून्य देतं, म्हणून ते "व्हर्जनच नाही" म्हणतायत.

पायइन्स्टॉलरला व्हर्जन-फाइल हा पर्याय द्यायचा. त्या फाइलमध्ये आकडा दोन ठिकाणी असतो, हे नीट बघा. वर फाइलव्हर्स म्हणून चार आकडे असतात आणि खाली तीच आवृत्ती मजकूर म्हणून. कुणी वरचं वाचतो, कुणी खालचं. मी एकदा फक्त खालचं बदललं आणि दोन दिवस डोकं खाजवत बसलो. आता दोन्ही एकाच ठिकाणाहून भरणारी स्क्रिप्ट केलीय.

आणि चारही आकड्यांना ६५५३५ ची मर्यादा आहे. २५११०२ अशी तारीख एका आकड्यात बसत नाही.

शिरोली_फौंड्री

नाव रिकामं दिसण्याचं कारण मला वाटतं भाषेचा कोड. व्हर्जन फाइलमधल्या मजकुराच्या ब्लॉकचं नाव ०४०९०४बी० असतं. ०४०९ म्हणजे अमेरिकन इंग्रजी, ०४बी० म्हणजे युनिकोड. मराठीचा कोड ०४४ई. तुम्ही ब्लॉक ०४४ई०४बी० केलात आणि खाली ट्रान्सलेशनमध्ये (कुठल्या भाषेचा ब्लॉक आहे ते सांगणारी ओळ) १०३३, म्हणजे ०४०९ चाच दशमान आकडा, तसंच ठेवलंत, तर वाचणारा जाईल इंग्रजी ब्लॉककडे आणि तिथं काहीच नाही. मराठीला तिथं ११०२ पाहिजे. पण बरेच प्रोग्राम ट्रान्सलेशन न बघता सरळ इंग्रजी ब्लॉकच उघडतात, म्हणून इंग्रजी ठेवाच. मराठी दुसरा ब्लॉक म्हणून जोडा आणि ट्रान्सलेशनमध्ये दोन्ही जोड्या लिहा.

एक्सई झाली की विंडोजच्या पॉवरशेलमध्ये (आदेश टाइप करायची खिडकी) गेट-आयटमने फाइल घेऊन तिचं व्हर्जनइन्फो छापा. बिलिंगवाल्यांकडे जायच्या आधी तुम्हालाच कळेल.

पुण्याहून_विनायक

मी दुसऱ्या बाजूचं काम करतो, म्हणजे इतरांच्या एक्सई उघडणारं. तुमचा मूळ घोटाळा पत्त्याचा होता, त्यावर कुणी बोललं नाही. इन्स्टॉलरकडून विंडोजच्या रजिस्ट्रीत अॅप पाथ्समध्ये (कुठली एक्सई कुठं आहे याची नोंद) तुमच्या एक्सईच्या नावाने पूर्ण पत्ता लिहून ठेवा. विंडोज ७ पासून करंट युजरखाली, म्हणजे फक्त त्या वापरणाऱ्यापुरतं, लिहिलं तरी चालतं. फक्त एक्सई उघडायच्या विंडोजच्या दोन पद्धतींपैकी बिलिंगवाले शेलएक्झिक्यूट वापरतात का ते विचारा. दुसरी, क्रिएटप्रोसेस, अॅप पाथ्सकडे बघत नाही, मग त्यांना पत्ता स्वतः वाचून घ्यावा लागेल.

तुलना कशी करतात तेही विचारून घ्या. मजकूर म्हणून तुलना केली तर १.१० हे १.९ पेक्षा जुनं ठरतं. वरचे चार आकडे एकेक करून तपासायला सांगा.

आणि माझा आग्रह: आवृत्तीचा आकडा आणि तुमच्या दोघांमधल्या देवाणघेवाणीचा आकडा वेगळे ठेवा. तुम्ही पावतीचा फॉन्ट बदलला तरी आवृत्ती वाढेल, त्याचं बिलिंगला देणंघेणं नाही. लॉट नंबर कसा पाठवायचा आणि वजन ग्रॅममध्ये की किलोमध्ये परत येणार, हे बदलेल तेव्हाच दुसरा आकडा वाढवा. त्याच मजकुराच्या ब्लॉकमध्ये स्वतःच्या नावाची एक ओळ घालता येते.

गूळकाटा

तिघांचेही मनापासून आभार. शिरोलीकर, नेमकं तेच होतं. ब्लॉक मराठी, ट्रान्सलेशन १०३३. दोन्ही ब्लॉक घातले, पॉवरशेलमध्ये नाव आणि आकडा दोन्ही दिसले. बिलिंगवाल्यांच्या चाचणीतही आले. त्यांची तुलना मजकूर म्हणूनच होती, ते बदलतायत.

विनायकराव, देवाणघेवाणीचा आकडा १ पासून सुरू केलाय. वजन आता कायम ग्रॅममध्ये, पूर्णांकात जातं. कॉम पोर्ट धरायचं कामही पहिल्या ओळीतून काढून खिडकी उघडल्यावर नेलं.

अजून एक केलं. पावतीच्या तळाशी आवृत्तीचा आकडा छापतो. सहाही दुकानांत दिवाणजींना सांगून आलो की सकाळच्या पहिल्या पावतीवर १.१०.०.० दिसलं नाही, तर पुढचा रवा काट्यावर चढवायच्या आधी मला फोन करा. डी ड्राइव्हवरची ती कॉपी त्यांच्या समोरच काढून टाकली. जुन्या पावत्यांत आणखी तीन शेतकऱ्यांचा फरक सापडलाय. दोघांना पैसे पोचले, तिसऱ्यांकडे रविवारी गगनबावड्याला जाऊन येतो.