समुद्री माशांची काचेची टाकी मोठी करताना जुनी वाळू: धुऊन वापरायची की फेकायची?

खारटपाणी: २ फुटी रीफ टाकीतून (खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची टाकी) ४ फुटीत जाताना तीन-चार वर्षांची वाळू सरळ फेकावी. नायट्रिफाय करणारे (विषारी अमोनियाचं नायट्रेट करणारे) जिवाणू जिवंत खडकावर, म्हणजे जिवाणू वसलेल्या सच्छिद्र खडकावर, पुरेसे असतात, ही सफाईची सायकल कोलमडत नाही. जुनी वाळू ढवळली की अडकलेली विष्ठा आणि कुजलेलं खाणं एकदम पाण्यात येतं, अमोनिया चढतो. पीएच ८.२ ला त्याचा विषारी वाटाही जास्त. तळचा थर काळा असेल, सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर तो हायड्रोजन सल्फाइड. मग चर्चाच नको.

रेतीबाज: दोष गाळाचा, शिक्षा वाळूला? धुवा की. आधी मासे काढा, मग खडक. वरचं पाणी साठवा, तळचं तीन-चार बोटं पाणी गाळासकट ओतून द्या. बादलीत एका वेळी २-३ किलोच वाळू घ्या, नळ जोरात सोडा, हात तळाशी घालून खालून वर ढवळा, गढूळ पाणी ओता. दहा-बारा पाण्यांनी वाळू स्वच्छ दिसू लागते; ढवळूनही पाणी नितळ राहिलं की थांबा. शेवटचं पाणी आरओचं (फिल्टरने शुद्ध केलेलं). नळाच्या क्लोरीनने वाळूतले जिवाणू मरतील, मरू देत, खडक आहेतच.

हिशेबही बघा. १२० × ४५ सेंमी तळावर ४ सेंमी थर म्हणजे २१.६ लिटर, साधारण ३३ किलो. ६० × ४५ च्या टाकीतून त्यातली निम्मी मिळते.

खारटपाणी: धुऊन गाळ जातो, फॉस्फेट नाही. ते अ‍ॅरागोनाइटच्या (रीफ वाळूतल्या चुनखडीच्या) कणाला धरून बसतं आणि नव्या, स्वच्छ पाण्यात हळूहळू सुटतं. मग खडकांवर केसाळ हिरवं शेवाळ.

रेतीबाज: मग मोजा ना. वाटीभर धुतलेली वाळू, १ लिटर ताजं खारं पाणी, २४ तास. फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या वर गेलं तर फेका, मी अडवणार नाही.

नवखा_रीफर: एवढ्यापेक्षा किनाऱ्यावरची आणली तर?

रेतीबाज: नको. आपल्याकडची बरीचशी सिलिका (गारेची वाळू), अ‍ॅरागोनाइट नव्हे. रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट, म्हणजे लोह-टायटॅनियमचं खनिज. लोहयुक्त कण चुंबकी काचपुसणीला चिकटले की काचेवर ओरखडे.

तळघर: तुम्ही दोघं वाळूवर भांडताय, रचनेचं कोण बोलणार? खडक आधी तळाच्या काचेवर टेकवा, मगच भोवती वाळू. वाळूवर खडक रचलात तर पिस्तूल कोळंबी खालून उकरते आणि डोलारा कोसळतो. हॅलिकोरीस रास (wrasse) हा मासा रात्री वाळूत पुरून झोपतो, त्याला ५ सेंमी बारीक वाळू लागतेच. आणि न धुतलेल्या जुन्या वाळूवर नवी ओतायची चलाखी करू नका, गाळ तसाच खाली राहतो.

रेतीबाज: कोपेपॉड (माशांचं खाद्य होणारे बारीक कवचधारी जीव) हवे असतील तर वरच्या १ सेंमी थरातली वाटीभर वाळू न धुता जाळीच्या पिशवीत घालून सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) ठेवा, आठवड्याने काढा.

खारटपाणी: पिशवी मान्य. बाकीची मात्र माझ्याकडून कचऱ्यातच.