प्रॉडक्ट लाइफ सायकलमधली सगळ्यात महत्त्वाची स्टेज कुठली? मदत हवी आहे (अर्जंट)

मये_तळ्याकाठचा:
नमस्कार मंडळी. सरळ विचारतो. प्रॉडक्ट लाइफ सायकलच्या चार स्टेज असतात ना, इंट्रोडक्शन (माल बाजारात येतो), ग्रोथ (विक्री वाढते), मॅच्युरिटी (विक्री स्थिरावते), डिक्लाइन (विक्री घटते), त्यात सगळ्यात महत्त्वाची कुठली? सोमवारी द्यायचं आहे आणि मी त्या एकाच पानावर अडकलोय. गूगल करून झालं, प्रत्येक जण वेगळंच सांगतो, यूट्यूबवाले अर्धा वेळ सबस्क्राइब करा म्हणण्यात घालवतात. थोडक्यात सांगा, कारणासकट. जाणकारांनीच लिहा प्लीज.

फोंड्याची_शामा:
कितवीला आहेस बाळ? ग्रोथ लिही. विक्री वाढते, नफा दिसायला लागतो, स्पर्धक येतात. एस आकाराची आकृती काढ, खाली पेन्सिलने चार भाग पाड. आठ मार्कांना एवढं पुरे.

मये_तळ्याकाठचा:
बाळ नाही हो, 41 वर्षांचा आहे. बँकेचा प्रोजेक्ट रिपोर्ट आहे, कॉलेजचं काही नाही.

फोंड्याची_शामा:
अगो बाई. सॉरी हां. पण आकृती तरीही काढा, मॅनेजर लोकांना आवडते.

गिरीची_गिरण:
कुठलं प्रॉडक्ट ते तर सांगा. मोबाइलचं कव्हर आणि लोणचं याला एकच उत्तर कसं असेल?

जुना_मास्तर:
मी 26 वर्षं कॉमर्स शिकवलं म्हणून लिहितो. मार्केटिंगचे प्राध्यापक थिओडोर लेविट यांनी 1965 मध्ये या कल्पनेवर हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू या नियतकालिकात लेख लिहिला. त्यात नायलॉनचं उदाहरण आहे. ते लिहितात, नायलॉन आधी पॅराशूट, दोर, अशा लष्करी कामात खपला, मग बायकांच्या मोज्यांत, मग टायरमध्ये, गालिच्यात. एक उपयोग थंडावला की दुसरा शोधला, विक्रीचा वक्र खाली यायलाच दिला नाही. म्हणून माझं मत मॅच्युरिटी. बाजारात बहुतेक वस्तू त्याच अवस्थेत असतात आणि धंदेवाल्याचं खरं कसब तिथेच लागतं.

प्लास्टिक_नको:
सगळे मार्केटिंगच का बोलताहेत? प्रॉडक्टची लाइफ सायकल म्हणजे कच्चा माल, बनवणं, वाहतूक, वापर आणि शेवटी कचरा. मोबाइल घ्या, त्याचं बहुतेक प्रदूषण तो बनवतानाच होऊन जातं. एसी घ्या, तो वर्षानुवर्षं वीज खातो, तिथे वापराची स्टेज भारी. काचेची बाटली एकदाच वापरून फेकली तर ती प्लास्टिकपेक्षा चांगली असेलच असं नाही, वजन बघा तिचं, आणि वितळवायला भट्टी किती पेटवायला लागते. तीच परत परत भरली तर गोष्ट वेगळी. गोव्यात डिपॉझिट रिफंड स्कीमची (रिकामं पॅकिंग परत दिलं की अनामत परत) अधिसूचना 2024 मध्ये निघाली ती पॅकिंग कचऱ्यात न जाता परत गोळा व्हावं यासाठी. धागाकर्त्याने पॅकिंग कसलं ते सांगावं.

कुडचडेचो_बाब:
एसीचा विषय निघालाच आहे तर, घरी दीड टनाचा घ्यायचाय, खोली 12 बाय 11, वर पत्रे. तीन स्टार की पाच स्टार?

प्लास्टिक_नको:
पाच स्टार. पण आधी पत्र्याखाली सीलिंग करा.

मये_तळ्याकाठचा:
मंडळी एसी नको. प्रॉडक्ट कोकम आहे. आगळ (मिठातला कोकमाचा रस) आणि सरबत. आई आणि वहिनी करतात, मी गाडी घेऊन पोचवतो. बाटली काचेची. आता सांगा स्टेज.

गिरीची_गिरण:
किती वर्षं झाली? किती बाटल्या जातात? दुकानं किती? एफएसएसएआय नंबर (खाद्यपदार्थांच्या परवान्याचा) आहे का? कर्ज कशासाठी? तुम्ही डॉक्टरला पोट दुखतंय एवढंच सांगून फोन ठेवलात, असं झालंय हे.

मये_तळ्याकाठचा:
नंबर आहे हो, लेबलवर 14 आकडी छापलाय. चार वर्षं झाली. पहिल्या वर्षी 600 बाटल्या, मग 1100, मग 1150, गेल्या वर्षी 1140. माझा मावसभाऊ पुण्यात एमबीए करून नोकरीला आहे, तो म्हणाला हे सरळसरळ मॅच्युरिटी संपून डिक्लाइनला लागलंय, आता आगळावर पैसा घालू नको, नवीन प्रॉडक्ट लाँच कर, कोकम सोडा कॅनमध्ये, त्यासाठी मशीन घे, त्याचं कर्ज काढ. रिपोर्टमध्ये त्याने एक पान लाइफ सायकलचं ठेवलंय, तेच भरायचंय. आई म्हणते मशीन नको. माझं डोकं उठलंय.

बीच_रोड_सप्लाय:
हॉटेलला द्या. मी कळंगुट बागा पट्ट्यात मसाले आणि काजू देतो, एका हॉटेलात महिन्याला जेवढं जातं तेवढं दहा दुकानांत जात नाही. स्टेज बिज सोडा, ग्राहक बदला.

म्हापसा_शुक्रवार:
आणि पैसे कधी मिळतात तेही सांगा की. मी दिलेलं एकाला, तीन महिने फेऱ्या मारल्या, मग मॅनेजरच बदलला, नवा म्हणतो माल दिल्याचं चलन दाखवा. शुक्रवारच्या बाजारात बसलेलं बरं, संध्याकाळी पैसे हातात.

बीच_रोड_सप्लाय:
चलनावर सही घ्यायची असते. तुमची चूक हॉटेलच्या धंद्यावर ढकलू नका.

म्हापसा_शुक्रवार:
सही होती. शिक्का नव्हता. जाऊ दे.

डीव्हीडीवाला_मडगाव:
माझ्या मते शेवटची स्टेज सगळ्यात महत्त्वाची आणि तिच्याबद्दल कोणीच शिकवत नाही. माझी सीडी डीव्हीडीची लायब्ररी होती, एका वेळी 300 मेंबर. लोक घरी नेट घ्यायला लागले तेव्हा मला कळत होतं पण वळत नव्हतं, दोन वर्षं नुसतं भाडं भरत बसलो, वर नवीन कपाटं करून घेतली. ती कपाटं अजून घरी आहेत, बायको त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवते. तुमचा मावसभाऊ बरोबर सांगतोय, वेळेत बाहेर पडा.

जुना_मास्तर:
डीव्हीडी आणि कोकम यात फरक आहे. डीव्हीडीच्या जागी दुसरं काही आलं. कोकमाच्या जागी काय आलंय?

आणि एक विसरलो होतो. 1976 मध्ये त्याच हार्वर्डच्या नियतकालिकात ढल्ला आणि युस्पे या दोघांनी उलट लिहिलं, ही लाइफ सायकलची कल्पना विसरून जा म्हणून. मालक एकदा मनाशी धरून चालला की माल उतरणीला लागलाय, मग तो जाहिरात बंद करतो, लक्ष काढतो, आणि त्यामुळेच माल पडतो. मग म्हणतो बघा, मी सांगत होतो ना. वर्गात मी हे शिकवायचो पण पेपरात कधी आलं नाही.

फोंड्याची_शामा:
मास्तर, एकाच धाग्यात दोन्ही बाजू?

जुना_मास्तर:
निवृत्त झालोय. आता परवडतं.

साळावली:
पीएमएफएमई खाली अर्ज करा, प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के सबसिडी, कमाल 10 लाख. घरगुती खाद्यपदार्थवाल्यांसाठीच काढलेली योजना आहे ती, 2020 पासून. अजून अर्ज घेतात का ते आधी विचारून घ्या.

मये_तळ्याकाठचा:
विचारून झालंय, कागद मावसभावाने केलेत. प्रश्न स्टेजचा आहे हो.

सत्तरीची_सून:
मी एक विचारते, तुम्ही वर्षाचे आकडे दिले, महिन्यांचे द्या. आमच्याकडे पण सोलां (कोकमाच्या साली) वाळवतात म्हणून माहीत आहे, भिरंडं म्हणजे कोकमाची फळं एप्रिल मे मध्ये पिकतात, फार तर जूनचे पहिले दिवस. म्हणजे तुमचा सगळा माल त्या दीड महिन्यात तयार होतो. मग वर्षभर कसा विकता?

मये_तळ्याकाठचा:
जूनपासून सुरू होतो. चतुर्थीला चांगला जातो, दिवाळीलाही. मग कमी कमी होत जातो, जानेवारीत थोडाच, फेब्रुवारीपासून जवळपास शून्य. भावाने याचाच ग्राफ काढलाय, सरळ खाली येतो, दर वर्षी तसाच. म्हणून तर तो डिक्लाइन म्हणतोय.

सत्तरीची_सून:
फेब्रुवारी ते मे शून्य? गोव्यात? ऐन उन्हाळ्यात कोकम विकत नाही म्हणता? अहो त्या महिन्यांत लोक पाण्याऐवजी पितात.

मये_तळ्याकाठचा:
विकत नाही म्हणजे नसतोच ना. संपलेला असतो.

गिरीची_गिरण:
काय????

मये_तळ्याकाठचा:
बाटल्या संपतात जानेवारीपर्यंत. आमची 14 झाडं आणि शेजारच्यांची थोडी, तेवढीच भिरंडं मिळतात, त्यातून 1100 च्या आसपासच होतात. दुकानवाले मार्चमध्ये फोन करतात, डिचोलीतले दोघे आणि पणजीतला एक, आम्ही नाही म्हणून सांगतो. मला वाटलं हे सगळ्यांना माहीतच असतं, कोकम सीझनल आहे म्हणून.

गिरीची_गिरण:
भाऊ, तुमचा ग्राफ गिऱ्हाइकाचा नाही, तुमच्या माडीवरच्या पेट्यांचा आहे. पेट्या रिकाम्या होतात तशी रेघ खाली येते. 1100, 1150, 1140 म्हणजे बाजार भरला असं नाही, झाडं तेवढीच आहेत एवढाच अर्थ. तुम्ही अजून ग्रोथमध्येच अडकून पडलाय आणि भावाने तुमचा दाखला स्मशानाचा काढला.

डीव्हीडीवाला_मडगाव:
हे आधी सांगायचं ना! मी माझा सल्ला मागे घेतो. कपाटं हवी तर सांगा.

सत्तरीची_सून:
आमच्या भागात कितीतरी परसांत भिरंडं पहिल्या पावसात झाडाखाली कुजून जातात, कोणी काढतच नाही. चढायला माणूस नाही, आणि पाऊस लागला की वाळवणार कुठे. मशीनपेक्षा मे महिन्यात फळ विकत घ्यायला रोख पैसे ठेवा, आणि माणूस लावा. आगळ मिठात वर्षभर टिकतो.

पेडण्याचा_काजूवाला:
अवांतर: हुर्राक बघा, काजूच्या बोंडाच्या रसाची एकदाच गाळलेली दारू. काजूच्या सीझनला दोन तीन महिने, मग गायब. याला कोण डिक्लाइन म्हणत नाही, उलट लोक फेब्रुवारीपासून वाट बघतात. फेणी दुसऱ्यांदा गाळलेली, ती वर्षानुवर्षं राहते, तिला 2009 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला. एकाच बोंडाच्या रसाचे दोन माल आणि दोघांचं आयुष्य वेगळं. तुमचं सरबत हुर्राकासारखं विकायचं की फेणीसारखं ते ठरवा.

बीच_रोड_सप्लाय:
हुर्राकाचा विषय काढलात, आता हा धागा गेला.

म्हापसा_शुक्रवार:
यंदा बाटली कितीला मिळाली तुमच्याकडे?

पेडण्याचा_काजूवाला:
ओळखीत असेल तर भाव विचारत नाहीत.

प्लास्टिक_नको:
परत विषयावर येऊ का? काचेच्या बाटल्या परत घेता का तुम्ही?

मये_तळ्याकाठचा:
नाही. घ्यायला हव्यात का?

प्लास्टिक_नको:
दुकानात माल द्यायला गाडी जातेच, रिकामी परत येते. विचार करा. पण नीट धुवायची सोय हवी, अर्धवट धुतलेल्या बाटलीत आगळ भराल तर तुमची डिक्लाइन खरी येईल.

दापोली_बॅच:
झाडं लावायची असतील तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण अमृता ही जात बघा, तिची फळं पावसाआधी तयार होतात. कलमं लावा, बियांची रोपं नकोत, बियांतून बरीच नर झाडं निघतात, त्यांना फळच धरत नाही. फळ मिळायला काही वर्षं थांबायला लागेल एवढं लक्षात ठेवा. तोवर विकतच घ्यायला लागेल.

गिरीची_गिरण:
पण मी एक म्हणतो, लगेच चार हजार बाटल्या भरू नका. तीन दुकानदारांचे फोन म्हणजे तीन फोन. ते फोन करून 20 मागतात की 200? आणि तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा घेतं का, तेही त्यांनाच विचारा. सोमवारच्या आत.

मये_तळ्याकाठचा:
विचारलं आत्ताच. पणजीवाला म्हणाला मार्च एप्रिलमध्ये आठवड्याला 30 गेल्या असत्या, तुम्ही देत नाही म्हणून सिंधुदुर्गातून मागवतो. डिचोलीतल्या दोघांपैकी एकाने आकडा सांगितला नाही, नुसतं हसला, दुसऱ्याने फोन उचलला नाही. भावाला फोन केला, तो म्हणाला हे तू मला सांगितलंच नव्हतंस. खरंय, नव्हतं सांगितलं. सोडा मशीनचं कोटेशन काढलंय रिपोर्टमधून, बँकेत खेळत्या भांडवलाचं विचारतो. पण आता त्या पानावर स्टेज कुठली लिहू?

फोंड्याची_शामा:
ग्रोथ. मी पहिल्याच उत्तरात लिहिलं होतं.

जुना_मास्तर:
ग्रोथ लिहा आणि खाली महिन्याचा स्टॉक जोडा. स्टॉकचा तक्ता नसेल तर मॅनेजरही तुमच्या भावासारखाच वाचेल.

कुडचडेचो_बाब:
सीलिंग पीव्हीसीचं की जिप्समचं?

नवीन_सभासद_2:
सर मॅच्युरिटी. आमच्या पेपरात हेच आलेलं.

मये_तळ्याकाठचा:
सगळ्यांचे आभार. शेवटचं एक विचारतो आणि निघतो. मार्चपर्यंत ठेवायचा तर गेल्या वर्षी दोन बाटल्या चुकून माडीवर राहिल्या होत्या, त्यांचा रंग लाल जाऊन विटकरी झाला होता. चव ठीक होती. याला काय करायचं?

सत्तरीची_सून:
कोकमाचा रंग उजेडाने आणि उष्णतेने उडतो. माडीवर म्हणजे कौलांखाली ना? खिडकी कुठल्या बाजूला आहे? आणि त्या दोन बाटल्या आगळाच्या होत्या की सरबताच्या, ते सांगितलंच नाही तुम्ही.